वसतिगृहाचा गृहपती आणि कायदा : दीडशे वर्षांचा मागोवा

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बांधलेले वसतिगृह हे या चारही दानांचे एकत्र स्थान होय. तेथे भोजन मिळते, आजारपणात शुश्रूषा होते आणि विद्या मिळते. परंतु चौथे दान, म्हणजे अभय, हे इमारतीने किंवा देणगीने मिळत नाही. रात्री दिवे मालवल्यानंतर त्या इमारतीत जो मनुष्य जागा असतो, तो गृहपती किंवा गृहमाता, त्याच्या वर्तनावर ते अवलंबून असते. समाजाच्या इतिहासात दात्यांची नावे संगमरवरावर कोरली गेली; गृहपतींची नावे मात्र फारशी कोठे नोंदली गेली नाहीत. तथापि गेल्या काही दशकांत कायद्याची दृष्टी प्रथम याच मनुष्याकडे वळली आहे. हा बदल कसा घडला आणि त्यातून विश्वस्त, गृहपती व मुले यांच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहिले, याचा आढावा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने घेणे उचित ठरेल.

बोर्डिंगची परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी शिक्षण शहरांत केंद्रित झाले. खेड्यातील जैन मुलाला शिकायचे तर शहरात राहण्याची सोय हवी होती, आणि ती आहार-विहाराचे नियम सांभाळणारी हवी होती. ही गरज ओळखणाऱ्यांत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांचे नाव अग्रणी आहे. जवाहिऱ्याच्या व्यवसायात मिळविलेले द्रव्य त्यांनी मुंबई, कोल्हापूर, सांगली, हुबळी, अहमदाबाद अशा अनेक ठिकाणच्या बोर्डिंगांसाठी वेचले. त्यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रमाच्या रूपाने विधवा व निराधार स्त्रियांना आधार दिला. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहांचे कार्य पुढे नेले. १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. १९१८ साली कारंजा येथे आणि १९३४ साली कुंभोजजवळ बाहुबली येथे पूज्य समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने गुरुकुले उभी राहिली.

या संस्थांनी पिढ्या घडविल्या, हे निर्विवाद. परंतु त्या काळी वसतिगृहात व्यवस्थापकाचा शब्द अंतिम असे. मुलाला दाद मागण्यास जागा नसे. याचे सर्वपरिचित उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे ते निभावले. परंतु असा आश्रय किती मुलांच्या नशिबी असतो?

त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. त्या वसतिगृहाची खरी गृहमाता म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलांच्या भाकरीसाठी त्यांनी अंगावरील दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांच्या सेवेस कोणत्याही नियमावलीचा आधार नव्हता. मातृहृदय हीच नियमावली होती. मात्र प्रत्येक वसतिगृहाला लक्ष्मीबाई लाभत नाहीत, आणि ज्या ठिकाणी त्या नसतात त्या ठिकाणासाठीच कायद्याची आवश्यकता निर्माण होते.

कायद्याची पहिली पावले

निराधार मुलांविषयीचा देशातील आरंभीचा कायदा म्हणजे १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा अधिनियम. अनाथ व गरीब मुलांना एखाद्या कारागिराकडे धंदा शिकण्यासाठी करारबद्ध करणे, हा त्याचा हेतू होता. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारगृह सुरू झाले. त्यानंतर १८७६ व १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. या सर्व कायद्यांत चिंता होती ती गुन्ह्याकडे वळलेल्या मुलाची. त्याला सांभाळणाऱ्याच्या वर्तनाची नव्हे.

१९१९–२० च्या तुरुंग समितीने मुलांचा विचार प्रौढ गुन्हेगारांपासून वेगळा करावा, अशी शिफारस केली. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली मुलांचा कायदा केला. मुंबई शहरात तो १९२७ साली अमलात आला आणि त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई मुलांच्या अधिनियमाने त्याची जागा घेतली.

धर्मादाय संस्थांच्या दृष्टीने १९५० हे वर्ष महत्त्वाचे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने प्रत्येक ट्रस्टची नोंदणी, हिशेब व लेखापरीक्षण बंधनकारक केले. आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. या कायद्याने विश्वस्तांना पै-पैचा हिशेब ठेवण्याची शिस्त लावली. परंतु वसतिगृहातील मुलाचा दिवस कसा गेला, याचा हिशेब तो मागत नव्हता. १९६० साली अनाथालये व धर्मादाय गृहांवर देखरेख ठेवणारा केंद्रीय कायदा झाला. त्यातूनही शैक्षणिक संस्थांना जोडलेली वसतिगृहे वगळली गेली. परिणामी बहुसंख्य बोर्डिंगे दीर्घकाळ केवळ संस्थेच्या सद्भावनेवर चालत राहिली.

छडीचा अधिकार

शिक्षक किंवा गृहपती हा पालकाच्या जागी असतो आणि पालकाप्रमाणे त्याला मुलास शिक्षा करण्याचा अधिकार आहे, ही कल्पना इंग्रजी विधिपरंपरेतून आपल्याकडे रुजली. १८६० साली इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे टॉमस हॉपली नावाच्या शिक्षकाने आपल्याकडे राहणाऱ्या विद्यार्थ्यास इतके मारले की त्यात त्याचा अंत झाला. न्यायालयाने हॉपलीस शिक्षा केली; परंतु माफक व वाजवी शिक्षेचा अधिकार मात्र मान्यच केला. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता झाली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने, किंवा त्याच्या संमतीने अन्य कोणी, सद्भावनेने केलेल्या कृत्यास तिच्या कलम ८९ ने संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशी तरतूद कायम आहे.

याच संरक्षणाच्या छायेत कित्येक पिढ्यांच्या गृहपतींनी छडी चालविली. ‘छडी लागे छमछम’ हे तर घरोघरी कौतुकाने म्हटले जाई. पालक स्वतःच मुलाला सोडताना ‘हाडे आमची, मांस तुमचे’ असे सांगून जात. हा काळ आता संपला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. बालसंगोपन संस्थांबाबत २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ८२ त्याहून स्पष्ट आहे. शिस्तीच्या नावाखाली शारीरिक शिक्षा करणाऱ्या कर्मचाऱ्यास प्रथम दहा हजार रुपये दंड, आणि पुनरावृत्ती झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोषी ठरल्यास त्याला कामावरून दूर करावे लागते आणि पुढे मुलांसोबत काम करण्यास तो अपात्र ठरतो. पालकाने दिलेली तोंडी परवानगी गृहपतीला वाचवू शकत नाही, हे प्रत्येक संस्थेने ध्यानी घ्यावे.

भूकंपानंतरची मुले

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलालजी मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. त्यातूनच पुढे वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन केंद्र आकारास आले. नंतरच्या काळात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे शिकली. जैन समाजाच्या सेवाकार्यातील हे एक उज्ज्वल पर्व होय.

या प्रसंगाने बोर्डिंगच्या स्वरूपातील एक मूलगामी फरकही दाखवून दिला. पूर्वीच्या बोर्डिंगमधील मुलाचे आईवडील गावी असत. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी जाई आणि मनातील सांगे. ज्याचे घरच उरले नाही, त्या मुलासाठी गृहपती हाच पालक, आणि तक्रार करायची तर तीही त्याच्याकडेच. अशा मुलास संस्थेबाहेरचे कोणीतरी विचारणारे हवे, हेच आधुनिक बाल न्याय कायद्याचे मूळ सूत्र आहे.

कायदा कठोर होतो

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळा व मुलगी अठरा वर्षांपर्यंत बालक मानली जाई. २००० च्या कायद्याने दोघांसाठीही अठरा वर्षे ही मर्यादा केली. २००६ च्या दुरुस्तीने बालगृहांची नोंदणी सक्तीची झाली. तमिळनाडूतील अनाथालयांतील शोषणाविषयी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात ५ मे २०१७ रोजी निर्णय झाला आणि देशातील सर्व बालसंगोपन संस्थांची नोंदणी त्या वर्षाअखेर पूर्ण करण्याचे निर्देश दिले गेले.

२०१५ च्या अधिनियमानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले पूर्णतः किंवा अंशतः जेथे ठेवली जातात, अशा प्रत्येक संस्थेस नोंदणी आवश्यक आहे. ती न केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे ‘अंशतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आईवडील असलेली मुले शिक्षणासाठी राहतात, एवढ्यावरून वसतिगृह हे बालगृह ठरत नाही. परंतु अनाथ, निराधार किंवा सोडून दिलेली मुले दयाबुद्धीने ठेवून घेतली की प्रश्न बदलतो. पूर्वी धर्मशाळेच्या ओट्यावर सापडलेले मूल संस्थेत परस्पर ठेवून घेणे हे पुण्यकर्म समजले जाई. आज असे मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत १०९८ ही बालसेवा, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांस कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाच अपराध आहे.

क्रौर्याच्या शिक्षेतही मोठे अंतर पडले. २००० च्या कायद्यात मुलावरील क्रौर्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होता. २०१५ च्या कलम ७५ नुसार सामान्यतः तीन वर्षांपर्यंत आणि संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याच्यावर विश्वास अधिक, त्याच्यावर दायित्वही अधिक, असा याचा सरळ अर्थ आहे.

राजुऱ्याचा धडा

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, लागू झाला. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याची किंवा घडण्याची शक्यता ज्यास कळते, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याचा अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शैक्षणिक अथवा धार्मिक संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने तेथील मुलावर केलेला असा अपराध कायदा अधिक गंभीर मानतो.

या तरतुदीचे महत्त्व महाराष्ट्रातील एका प्रकरणाने अधोरेखित केले. २०१९ साली चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने ही गोष्ट पोलिसांना कळविली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा खटला रद्द केला. परंतु २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारला. माहिती असूनही अपराध न कळविणे हा गंभीर गुन्हा असून बहुतेक वेळा तो अपराध्यास पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने बजावले.

समाजाच्या संस्थांनी हा निर्णय काळजीपूर्वक समजून घेतला पाहिजे. ‘संस्थेची बदनामी नको’, ‘घरातले घरात मिटवू’, ‘साधर्मिक बांधवाचे नाव जाईल’ हे उद्गार अनेक ठिकाणी ऐकू येतात. व्यापारी पेढीत भागीदारांतील वाद पंचांसमोर मिटविणे हे शहाणपणाचे असते. तेथे दोन्ही पक्ष प्रौढ असतात आणि हानी पैशाची असते. मुलावरील अत्याचार हा तसा वाद नव्हे. तो मिटविण्याचा अधिकार विश्वस्त मंडळास नाही, पंचांस नाही आणि मुलाच्या पालकांसही नाही.

गृहपतीची बाजू

येथपर्यंतच्या इतिहासावरून गृहपती हा सदैव संशयितच, असा समज होऊ नये. कायद्याच्या वाढत्या भाराखाली सर्वाधिक दबला जातो तोही तोच. साठ-सत्तर मुलांमागे एकच गृहपती, चोवीस तासांची जबाबदारी, साप्ताहिक सुट्टीचा पत्ता नाही आणि वेतन संस्थेच्या हिशेबनीसाहूनही कमी, असे चित्र अनेक ठिकाणी आढळते. मुलाला रात्री ताप आला, औषध कोणाच्या संमतीने द्यावे? एखादा मुलगा न सांगता निघून गेला, पोलिसांत केव्हा जावे? दोन मुलांच्या भांडणात मध्ये पडताना हात धरला, तर तो छळ ठरेल काय? शिस्त लावल्याचा राग धरून कोणी खोटा आरोप केला तर? असे प्रश्न त्याच्या मनात असतात, आणि त्यांची उत्तरे देणारे कोणी नसते.

कायद्याने त्याला उघडे पाडलेले नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही, असे पोक्सोचे कलम १९ सांगते. द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढास कलम २२ नुसार शिक्षा आहे. तरीही न्यायालयात उपयोगी पडते ती लेखी नोंद. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खतावणी सांभाळली, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. आजारपण, औषध, दुखापत, भेटीस आलेले नातेवाईक, बाहेर जाण्याची वेळ, परत येण्याची वेळ, तक्रार आणि तिच्यावरील कार्यवाही यांची त्याच दिवशी केलेली, तारीख-वार आणि सहीची नोंद ही गृहपतीची ढाल आहे. आठवड्याने स्मरणाने लिहिलेली नोंद वहीतील खाडाखोडीइतकीच संशयास्पद ठरते.

परंतु वही एकट्या गृहपतीने भरून भागत नाही. नेमणुकीपूर्वी पूर्ववृत्ताची चौकशी, प्रवेशाच्या वेळीच उपचारासाठी पालकांची लेखी संमती, मुलींच्या विभागात स्त्री कर्मचारी, रात्रपाळीस दुसरा मनुष्य, मुलाशी एकांतात बोलणे टाळून इतरांच्या नजरेत बसून बोलणे, आणि जिची किल्ली गृहपतीकडे नाही अशी तक्रारपेटी, या गोष्टी विश्वस्तांनीच पुरवावयाच्या आहेत. २०१६ च्या आदर्श नियमांत बालगृहातील पंचवीस मुलांच्या शयनकक्षास एक हजार चौरस फूट जागा सांगितली आहे. नोंदणीकृत बालगृह नसलेल्या वसतिगृहानेही आपली खोली या मापाने एकदा मोजून पाहावी.

आणखी एक बाब स्मरणिकांच्याच संदर्भात नमूद करणे आवश्यक आहे. चौकशी किंवा न्यायालयीन कार्यवाहीतील मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. हा संकेत त्याहून व्यापकपणे पाळला जावा. निराधार मुलाला वह्या देतानाचे छायाचित्र नावगावासह छापल्याने दात्याचा गौरव होत असेल. परंतु ते मूल मोठे होऊन याच बाजारपेठेत दुकान थाटील, तेव्हा ते पान त्याच्या हाती पडणार आहे, याचे भान असावे.

पाच अतिचार

कायद्याच्या या सर्व कलमांत परके असे काही आहे काय? आचार्य उमास्वाती, ज्यांना दिगंबर परंपरा उमास्वामी म्हणते, त्यांच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जिवाला बांधून किंवा कोंडून ठेवणे, मारणे, अवयवास इजा करणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि खाणेपिणे बंद करणे. परंपरेने हे अतिचार प्रामुख्याने पाळीव पशू व नोकरचाकर यांच्या संदर्भात समजावून दिले. वसतिगृहातील जुन्या शिक्षा आठवून पाहाव्यात : खोलीत कोंडणे, छडी मारणे, कान पिरगाळणे, विहिरीवरून शंभर घागरी पाणी आणविणे, रात्रीचे जेवण बंद करणे. पाचही अतिचार तेथे क्रमाने उभे असलेले दिसतात. श्रावक प्रतिक्रमणात ज्यांबद्दल क्षमायाचना करतो, त्यांनाच विसाव्या-एकविसाव्या शतकातील कायद्याने अपराध ठरविले. फरक एवढाच की प्रतिक्रमण कर्त्याच्या अंतःकरणात होते आणि कायदा पीडित मुलाचे म्हणणे ऐकतो.

आणि चौथा अतिचार गृहपतीलाही लागू आहे. सत्तर मुलांचा भार एका मनुष्यावर टाकणे हेही अतिभारारोपणच होय. त्या भाराखाली तो चिडला, त्याचा हात उठला, तर कायदा शिक्षा त्याला करील. पण व्रताच्या दृष्टीने पहिला अतिचार ज्याने भार टाकला त्याच्याकडून घडलेला असतो.

शेठ माणिकचंदांच्या काळी छप्पर हीच मोठी गरज होती आणि समाजाने ती उदारपणे भागविली. पुढील पन्नास वर्षांत नव्या खोल्यांइतकाच खर्च दुसऱ्या गृहपतीच्या वेतनावर, गृहमातेच्या प्रशिक्षणावर आणि समुपदेशकाच्या मानधनावर करावा लागेल. अशा देणगीची पाटी भिंतीवर दिसणार नाही. तथापि रात्री निर्धास्त झोपलेले मूल हीच अभयदानाची खरी पावती आहे.